जानेवारीची जागा

तेर, जि. उस्मानाबाद
१९ जुलै १९७२

प्रिय शिवशरण,

स. न. तू दिल्लीला सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. त्याच दिवशी तिथल्या विद्यापीठाचं पाकीटही आलं. पोस्टमननं दोन्ही एकदमच हातात ठेवलं. तुझं कार्ड आधी वाचलं, पाकीट उघडायचा धीर होईना.

प्रवेश मिळालाय, पण आत्ताचा नाही. यंदाच्या जागा भरल्या. अर्थशास्त्राच्या वर्गात काही जणांना जानेवारीच्या सत्रापासून घेणार आहेत, त्यात माझं नाव आहे. येणार की नाही ते पंधरा डिसेंबरच्या आत कळवायचं. औरंगाबादच्या होस्टेलात एकाच टेबलावर बसून आपण दोघांनी अर्ज भरले. तू पोचलास आणि मी निम्म्या वाटेत थांबलो.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "न्हाय तर म्हनले न्हाईत ना? मग झालं." मला ते तितकं सोपं वाटत नाही. मी येईन तोवर तुमच्या ओळखी झालेल्या असतील, कोणते सर काय विचारतात ते ठाऊक झालेलं असेल, वर्गातल्या बसायच्या जागासुद्धा ठरून गेलेल्या असतील. पहिली पंगत उठल्यावर मांडवात शिरायचं, तसं वाटेल.

इकडं मृग कोरडा गेला, आर्द्राही तशाच गेल्या. ज्यांनी पेरलं त्यांचं बी वाया गेलं. गावाबाहेर ढोकीच्या रस्त्याला दुष्काळी काम सुरू झालंय, खडी फोडायचं. निम्मं गाव तिथंच असतं. पदवीधर म्हणून मला हजेरी मांडायचं काम मिळालं. जानेवारीपर्यंत हातपाय तरी हलतील.

कळंबला तुझ्या अप्पांची आडत कशी चाललीय? बाजारात धान्यच येत नसेल तर ते दिवसभर करतात काय?

तुझा,
मच्छिंद्र


नवी दिल्ली
४ ऑगस्ट १९७२

प्रिय मच्छिंद्र,

अरे, अभिनंदन! तू असं लिहिलंयस की जणू नापास झालायस. सहा महिने म्हणजे काय रे? इथं पहिले दोन महिने तर इंग्रजी कानात शिरण्यातच जाणार, असं दिसतंय. तू आलास की मी तुला सगळं तयार करून देईन.

जागा काय सांगू. खडकाळ माळ, बाभळी, मोर. आपल्या बालाघाटासारखंच वाटतं, फक्त मधेच लायब्ररी उभी. माझ्या वर्गात एक बंगाली आहे, दोन मल्याळी, एक मुलगी काश्मीरची. चहाच्या टपरीवर भांडतात, वर्गात भांडतात आणि जेवायला एकत्र बसतात. कुणी कुणाचं आडनावसुद्धा विचारत नाही. तुला इथं फार बरं वाटेल, हे मी मुद्दाम लिहितो.

आम्हांला एक प्राध्यापक टंचाई आणि रोजगार यावर शिकवतात. महाराष्ट्रातला मी एकटाच, म्हणून सारखं मलाच विचारतात. मी काय सांगणार? आडतीवर बसून मी फक्त भाव ऐकलेत. तू रोज तिथं उभा आहेस. तुला दिसेल ते मला सविस्तर लिहीत जा. मोठं पत्र लिही.

तुझ्यासाठी खोलीतली निम्मी जागा राखून ठेवलीय.

शिवशरण


तेर
११ सप्टेंबर १९७२

प्रिय शिवशरण,

तू मागितलंस म्हणून लिहितो.

माळावर दगडांचे ढीग टाकलेले असतात. एकेका ढिगाशी एकेक घर बसतं. बाप्ये मोठा दगड घणानं फोडतात, बाया हातोडीनं त्याची खडी करतात. बोटांना चिंध्या बांधतात, तरी बोटं सुजतात. सावली म्हणजे चार काठ्यांवर टाकलेलं लुगडं. तिच्याखाली पोरं झोपवतात. पाण्याचा टँकर आला की हातोड्यांचा आवाज एकदम थांबतो, त्यावरून मला हजेरीच्या टेबलावर न बघताही कळतं.

गेल्या आठवड्यात एक अपघात झाला. केशरबाई नावाची एक बाई, वय पंचेचाळीसच्या आसपास. खडी फोडताना दगडाची कपची उडून तिच्या डाव्या डोळ्यात गेली. ती ओरडली नाही. पदर डोळ्यावर दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं हातोडी बाजूला सरकवून ठेवली, कुणाच्या पायात येऊ नये म्हणून. शेजारच्या विठाबाईनं हाक मारली तेव्हा लोकांना समजलं. बैलगाडीतून स्टँडपर्यंत आणि तिथून एसटीनं धाराशिवच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, डोळा गेला.

मुकादमानं मला विचारलं, "दुपारच्या आतच गेली ना? मग अर्धा दिवस मांडा." मी अर्धा दिवस मांडला.

घरी ठीक आहे. सारजाक्का सासरहून पोरांना घेऊन आलीय, तिच्या गावात प्यायलाही पाणी उरलेलं नाही. जानेवारीचं अजून माझं ठरत नाही. का ते नीट सांगता येणार नाही. इथून हलायला मन घेत नाही, एवढंच.

मच्छिंद्र


नवी दिल्ली
६ ऑक्टोबर १९७२

प्रिय मच्छिंद्र,

तुझ्या पत्रानं इथं काय झालं ते ऐक. मी ते इंग्रजीत करून सेमिनारमध्ये वाचलं. मग सरांनी मला थांबवून सांगितलं, हे लेख म्हणून लिही. लिहिला. आमच्या विद्यार्थ्यांच्या मासिकात पहिल्या पानावर आला. त्याचा मराठी मजकूर मी औरंगाबादच्या एका दैनिकाकडं पाठवला होता, तेही छापणार आहेत. तुझं नाव कुठंही घातलेलं नाही, तुझ्या कामाला धक्का लागू नये म्हणून. गावाचं आणि त्या बाईंचं नाव मात्र ठेवलं. सर म्हणाले, खरी नावं असली की लोकांचा विश्वास बसतो.

आता मला कँटीनमध्ये अनोळखी मुलंसुद्धा थांबवतात. "केशरबाईंचं पुढं काय झालं?" म्हणून विचारतात. अरे, तू यायच्या आधीच तुझी वाट मोकळी झालीय, आणि तू म्हणतोस मन घेत नाही! पोस्टात होकार टाक आणि मोकळा हो.

अजून काही घडलं असेल तर लगेच कळव. सर दुसरा लेख मागतायत.

शिवशरण


तेर
१ नोव्हेंबर १९७२

शिवशरण,

तुझा लेख गावात पोचला. स्टँडवरच्या हॉटेलात पेपर येतो. लिंबाजी मास्तरांनी तो मोठ्यानं वाचला आणि बाकीच्यांनी ऐकला. मी तिथं होतो.

चार दिवसांनी जीप आली. साहेब लोकांनी विचारपूस केली. केशरबाई कोण, कुणी लिहिलं, कामावर डोळ्याला चष्मे का दिले नव्हते, असं सगळं. चष्मे आले नाहीत. आठवड्याच्या आत खडीचं केंद्रच बंद केलं आणि लोकांना नदीपलीकडच्या पाझर तलावावर पाठवलं. म्हाताऱ्यांना आणि अंगावर पिणारी पोरं असलेल्या बायांना एवढं चालवत नाही. त्या घरी बसल्यात. हे कुणामुळं झालं ते गावाला कळायला वेळ लागला नाही, कारण गावातून दिल्लीला पत्र लिहिणारे किती? मला हजेरीवरून काढलं. मी आता तलावावर माती उपसतो. त्याचं मला विशेष काही वाटत नाही.

तू लिहिलंयस की केशरबाई हंबरडा फोडून साहेबांच्या पायांवर कोसळली. माझ्या पत्रात हे नव्हतं. ते तू घातलंस.

केशरबाई माझी आई आहे.

दोन वर्षं आपण शेजारच्या खाटांवर झोपलो. तिनं पाठवलेली शेंगाचटणी तू माझ्याआधी संपवायचास. पण तू तिला नेहमी "तुझी आई" म्हणालास, नाव तुला कधी लागलं नाही. मी तुला तीनदा तेरला बोलावलं. एकदा तुझी बस चुकली, एकदा घरात लग्न निघालं, एकदा काय झालं ते तू सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही. कळंब इथून काही दिल्लीएवढं लांब नाही.

आता तू विचारशील, मी तरी सरळ का नाही लिहिलं? लिहायला बसलो होतो. "माझ्या आईचा" एवढे शब्द लिहून झाल्यावर पुढं हात चालेना. मग परक्या बाईबद्दल लिहितोय असं धरलं आणि सगळं लिहून झालं. तुला फसवायचं नव्हतं. पण ओळखतोस का, हे बघायचं होतं, तेही खरं आहे.

उत्तराची घाई करू नकोस.

मच्छिंद्र


नवी दिल्ली
१३ नोव्हेंबर १९७२

प्रिय मच्छिंद्र,

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. माफ कर, असं लिहिलं तर फार थोडं होतं.

मी अप्पांना लिहिलंय. कळंबजवळच्या एका गावात विविध कार्यकारी सोसायटीला सचिव नेमायचा आहे. अप्पांचं संचालक मंडळात वजन आहे, ते तुझं काम करतील. कायमची नोकरी आहे. आईंच्या जवळ राहता येईल, त्यांच्याकडं बघता येईल. अशा वेळी जानेवारीची जागा सोडलीस, तर तुला कुणी नाव ठेवणार नाही. विद्यापीठ काय, पुढंही आहेच. शांतपणे विचार कर.

शिवशरण


तेर
२४ नोव्हेंबर १९७२

शिवशरण बाळास केशरबाईचा जय भीम.

हे पत्र शेजारची कमल लिहून घेतीया. ती सातवी पास हाय. म्या सांगते तसंच लिव्ह, सुधरू नगं म्हनून तिला बजावलंय.

तुझं पत्र आलं ते मच्छिंद्रनं वाचून दावलं न्हाय. घडी घालून खिशात ठिवलं आन तोंड पाडून बसला. त्यो तलावावर गेल्यावर म्या दुसऱ्या सदऱ्याच्या खिशातनं काढलं आन कमलकडनं वाचून घेतलं. मागलं पेपरातलं बी तिनंच वाचून दावलं व्हतं.

तर पेपरात छापलंय की केशरबाई रडत साहेबाच्या पाया पडली. बाबा, म्या रडले न्हाय. डोळ्यात दगूड गेल्यावर पानी येतंच, त्येला रडनं म्हनत न्हाईत. आन साहेब त्या दिशी कामावर आलाच नव्हता, मग म्या पाया कुनाच्या पडू? छप्पन सालापास्नं आमच्या घरातलं कुनी कुनाच्या पाया पडलेलं न्हाय. आता पान्यावर गेलं की बाया इचारतात, "केशरबाई, पडलीस व्हय पाया?" डोळा गेला त्येचं दुखनं थांबलं, ह्येचं थांबंना. तू लिवलंस, तर तूच ते पुसायचं. कसं पुसायचं ते तुला ठावं, तू शिकलेला हाईस.

दुसरं असं की सोसायटीतल्या नोकरीचं लिवलंस. तुझ्या अप्पाचं भलं व्हवो. पर मला येक सांग. मच्छिंद्र जुलैपास्नं मोकळा हाय, तवा ही नोकरी कुठं व्हती? त्यो दिल्लीला आला तर तुला काय अडचन व्हती का? आसंल तर सरळ लिव्ह. म्या रागावनार न्हाय. सरळ बोललेलं मला समजतं, येडंवाकडं बोललं की समजत न्हाय.

मच्छिंद्रला म्या जा बी म्हनले न्हाय आन राह्य बी म्हनले न्हाय. त्यो माझ्या डोळ्याचं निमित्त काढतो. म्या त्येला म्हनलं, येका डोळ्यानं भाकरी थापता येतीया, चुलीचा जाळ दिसतोया, तुझं पडलेलं तोंड बी दिसतंया. माझ्यापायी ऱ्हातो म्हनून सांगू नगंस. ऱ्हायचं तर तुझ्यापायी ऱ्हा.

तू येकदा घरला ये. ढोकीला उतरलं की तेर आलंच.

केशरबाई


नवी दिल्ली
४ डिसेंबर १९७२

तीर्थरूप मावशीस,
सविनय जय भीम.

तुमचं पत्र मिळालं. कमलताईंनी काहीच सुधारलेलं नाही, हे फार बरं झालं.

मासिकाच्या या अंकात, पहिल्याच पानावर, मी छापून आणलं आहे की केशरबाई रडल्या नाहीत, कुणाच्या पाया पडल्या नाहीत, आणि लिहिणाऱ्यानं ते मनानं घातलं होतं. लिहिणारा म्हणून माझं नाव दिलं आहे. औरंगाबादच्या दैनिकालाही तसंच कळवलं. त्यांचं उत्तर नाही. येताना त्यांच्या कचेरीत जाऊन बसेन.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर, होय. मच्छिंद्रनं लिहिलेलं मी वाचून दाखवलं आणि मान मला मिळाला. तो इथं आला की तो मान कुणाचा, हे सगळ्यांना कळणार होतं. अप्पांना पत्र घालताना हे मला ठाऊक होतं का, असं मी स्वतःला विचारून बघितलं. थोडं ठाऊक होतं.

सुटी लागली आहे. दहा तारखेला तेरला येतो.

तुमचा,
शिवशरण


तेर
१७ डिसेंबर १९७२

प्रिय शिवशरण,

तू कळंबला गेल्यावर काय झालं ते कळवायला हवं.

आधी आईचं सांगतो. तू आलास त्या दिवशी मी तुझ्याशी धड बोललो नाही, पण बघत होतो. ती म्हणाली, "रेशनच्या मिलोची भाकर हाय, गोड लागनार न्हाय." तू म्हणालास, "आमच्याकडंही मिलोच आहे, मावशी." आणि दुसरी मागून घेतलीस. नंतर तिनं तुला मासिकाचं ते इंग्रजी पान एकेक ओळ मराठीत करून सांगायला लावलं. "मनानं घातलं" हे तिनं दोनदा ऐकलं. तू गेल्यावर ती पाण्यावर गेली आणि येताना विठाबाईशी बोलत, हसत आली. पेपरवाल्यांनी आतल्या पानावर चार ओळी छापल्या, त्याही मास्तरांनी हॉटेलात वाचल्या. ते काम झालं.

पण तलावाचं काम लांबच राहिलं आणि घरी बसलेली माणसं घरीच आहेत. तेही लिहून ठेवतो.

माझं तेरा तारखेपर्यंत ठरलेलं नव्हतं. सोसायटीची नोकरी मी मनातून निम्मी घेतलीच होती. त्या दिवशी तलावावर भरावाची माती घसरून बलभीमकाकांचा पाय अडकला. आम्ही खोऱ्यांनी माती ओढून त्यांना काढलं. मोडलेला नव्हता, पण टेकवता येत नव्हता. हजेरीवर आता माझ्या जागी भूम तालुक्यातला एक पोरगेला माणूस आहे. त्यानं अर्धा दिवस मांडला. मी खोरं टाकून त्याच्याकडं गेलो.

"पूर्ण मांडा," म्हटलं.

"नियम हाय, भाऊ."

"माणूस कामावरच जखमी झालाय."

तो म्हणाला, "तुमी आधी हजेरीवर व्हता म्हनं. तुमच्या आईला लागलं तवा तुमी किती मांडला व्हता?"

त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, म्हणजे तसं मांडायला तो तयार होता. मी सांगितलं, अर्धा. त्यानं मान हलवली आणि बलभीमकाकांपुढं अर्धा तसाच ठेवला.

मी इथं राहिलो तर इथल्या लोकांचं काही भलं होईल, असं मी धरून चाललो होतो. मी होतो तेव्हा काय झालं? पेन माझ्या हातात, बाई माझी आई, आणि मी मुकादमाचं ऐकलं. अर्ध्या दिवसाचा हा नियम कोण करतं, कुठं बसून करतं, तो मोडायचा तर काय बोलावं लागतं, यातलं मला काही येत नाही. सोसायटीत सचिव झालो तर दुसरे नियम असतील, मी तेही नीट मांडत बसेन. मला मी माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी धाराशिवला जाऊन तार केली. येतो म्हणून. अप्पांना माझा नमस्कार आणि नकार दोन्ही सांग.

एक राहिलं. खोलीतली निम्मी जागा मला नको. रागानं म्हणत नाही, राग बराचसा गेलाय. पण मी तिथं तुझ्या पाठीमागून आत आलो तर कायम पाठीमागंच राहीन. होस्टेलात जिथं मिळेल तिथं राहतो. ओळखी माझ्या मला करू दे. वह्या मात्र तुझ्याच लागतील.

मच्छिंद्र


नवी दिल्ली
२८ जानेवारी १९७३

ती. आईस,
जय भीम.

कमलला सांग, हे सावकाश वाच.

थंडी फार आहे. सारजाक्कानं दिलेली घोंगडी अंगावर असते. माझ्या खोलीत एक ओरिसाचा मुलगा आहे. त्याला हिंदी येत नाही, मला इंग्रजी बोलवत नाही, त्यामुळं आमचं भांडण होत नाही. जेवायला गहू मिळतो.

तुझ्या डोळ्याची खाच ओली ठेवू नकोस, डॉक्टरांनी सांगितलंय. बलभीमकाका चालायला लागले का ते कळव.

वर्गात जायला पहिले दोन दिवस भीती वाटली. सगळे एकमेकांना हाक मारून बोलत होते आणि मी दाराजवळच्या बाकावर बसलो. जानेवारीत आलेले आम्ही चौघं जण. तिसऱ्या दिवशी सरांनी आम्हांला नाव-गाव विचारलं. मी तेर म्हटल्याबरोबर सगळा वर्ग मागं वळला. एका मुलीनं विचारलं, "केशरबाईंचं तेर?"

मी म्हटलं, "हो. त्या माझ्या आई आहेत."

शिवशरण पुढच्या बाकावर होता. त्यानं मागं बघितलं नाही, खाली मान घातली. सर फार भले गृहस्थ आहेत. ते खुर्चीवरून उठले, म्हणाले, आजचा तास आपण बाजूला ठेवू, तुम्ही इथं पुढं येऊन आम्हांला सगळं सांगा.

आई, मी उठलो. माझं इंग्रजी मोडकंतोडकं आहे, पण ते वाक्य मी मनात आधी नीट लावलं आणि मग बोललो. म्हटलं, "सर, ते मी सांगेन, पण आज नको. जुलैपासून तुम्ही या सगळ्यांना जे शिकवलं ते मला अजून कुणी शिकवलेलं नाही. आधी मला ते शिकवा."

सर फळ्याकडं वळले आणि शिकवायला लागले. मला त्यातलं निम्मंही कळलं नाही. मी सगळं उतरून घेतलं.

तुझा,
मच्छिंद्र